स्तनाचा एमआरआय : ऊतींची लक्षणे आणि कर्करोगाची जोखीम



भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार झालेला रेल्वेचा रूळ अल्ट्रासॉनिक चाचणीने तपासतात. आत तडा आहे का, एवढेच त्या चाचणीत कळते. आज सलग असलेला रूळ पुढे तडकण्याची शक्यता किती, हा वेगळा प्रश्न आहे. स्तनाच्या तपासणीतही असेच दोन प्रश्न असतात. आज कर्करोग आहे का, हा निदानाचा प्रश्न. आज नसला तरी पुढे होण्याची शक्यता किती, हा जोखमीचा प्रश्न. या पाठात आपण दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

१. स्तनाची घनता

स्तनात मुख्यतः चरबी आणि ग्रंथी-तंतूंची ऊती असते. मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते आणि ग्रंथी-तंतूंची ऊती पांढरी. पांढरा भाग जास्त असेल तर स्तन 'घन' आहे असे म्हणतात. ही घनता हाताला जाणवत नाही, ती चित्रातच दिसते.

घनतेचे परिणाम दोन. गाठही पांढरीच दिसत असल्याने ती घन ऊतीत झाकली जाते. शिवाय घनतेमुळे जोखीमही वाढते. कॅनडातील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ७५ टक्के किंवा अधिक घनता असलेल्या स्त्रियांमधील जोखीम १० टक्क्यांपेक्षा कमी घनता असलेल्यांच्या सुमारे ४.७ पट आढळली.

२. एमआरआय काय दाखवतो?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी वापरतात. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात आणि त्याच्या आधीची व नंतरची चित्रे ताडून पाहतात. त्यातून निरोगी ऊतीची दोन लक्षणे नोंदवली जातात.

अ) ग्रंथी-तंतूंच्या ऊतीचे प्रमाण : याच्या चार श्रेणी आहेत, जवळजवळ पूर्ण चरबीपासून अतिघन स्तनापर्यंत.

आ) बॅकग्राउंड पॅरेन्कायमल एन्हान्समेंट, म्हणजे बीपीई : गॅडोलिनियम दिल्यावर निरोगी ऊती किती उजळते, याचे हे माप. अत्यल्प, सौम्य, मध्यम आणि ठळक अशा चार श्रेणी.

पहिले लक्षण ऊती किती आहे ते सांगते. दुसरे त्या ऊतीतला रक्तपुरवठा आणि संप्रेरकांचा प्रभाव दाखवते. म्हणूनच बीपीई मासिक पाळीनुसार बदलते. शक्य असल्यास तपासणी पाळीच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवतात, कारण तेव्हा ती कमी असते. रजोनिवृत्तीनंतर आणि टॅमॉक्सिफेन घेतल्यावरही ती घटते. ही दोन लक्षणे बरोबरीने चालतातच असे नाही. घन स्तनातही बीपीई अत्यल्प असू शकते.

३. पुरावा काय सांगतो?

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४,२४७ स्त्रियांची नोंद होती. त्यांपैकी १७६ जणींना पुढे कर्करोग झाला. बीपीई सौम्य असलेल्यांमध्ये जोखीम अत्यल्प बीपीई असलेल्यांच्या सुमारे १.८ पट होती, आणि घनता हिशेबात धरूनही हा संबंध टिकला.

त्याच वर्षी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषणही प्रसिद्ध झाले. त्यात जास्त जोखमीच्या स्त्रियांमध्ये हा संबंध सुमारे दुप्पट दिसला. सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांमध्ये मात्र स्पष्ट संबंध आढळला नाही. जास्त जोखमीच्या स्त्रिया म्हणजे, उदाहरणार्थ, बीआरसीए जनुकात दोष असलेल्या किंवा कुटुंबात हा आजार ठळकपणे असलेल्या. एका गटातला निष्कर्ष सर्वांना लावता येत नाही, हे लक्षात ठेवा.

'पट' वाचतानाही सावध राहा. समजा, ठरावीक काळात १,००० पैकी १० जणींना कर्करोग होतो. जोखीम १.८ पट झाली तर ही संख्या १८ होईल. म्हणजे तरीही ९८२ जणींना तो होणार नाही.

४. आपल्या परिस्थितीत

एमआरआय महाग आहे आणि सर्वत्र उपलब्ध नाही. म्हणून मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयाचा प्रयोग आपल्याला महत्त्वाचा आहे. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. सर्व वयोगट एकत्र धरल्यास दिसलेली १५ टक्क्यांची घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती.

उद्या आईच्या किंवा मावशीच्या रिपोर्टवर 'ठळक बीपीई' असे शब्द दिसले, तर ते कर्करोगाचे निदान नाही, हे तुम्ही घरात समजावून सांगू शकाल. आणि 'अत्यल्प' लिहिले असले तरी नवी गाठ हाताला लागल्यास डॉक्टरांकडे जाणे टाळू नये, हेही सांगा.

स्वाध्याय
१. निदान आणि जोखीम यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. बीपीई मासिक पाळीनुसार का बदलते?
३. जास्त जोखमीच्या स्त्रियांवरील निष्कर्ष सर्व स्त्रियांना का लावता येत नाहीत?