अभियांत्रिकी की व्यवस्थापन? : बारावीनंतरचा एक महत्त्वाचा निर्णय

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला अथवा मुलीला अभियांत्रिकीला पाठवावे की वाणिज्य-व्यवस्थापनाकडे? पुष्कळदा शेजारचा मुलगा कोठे गेला यावरूनच निर्णय होतो. आईवडिलांची अनेक वर्षांची बचत व एका तरुण आयुष्याची दिशा त्यावर अवलंबून असते. म्हणून जालना जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू या.

आपल्या जिल्ह्यातील संधी

जालना हे पोलादाचे व बियाण्यांचे शहर. येथील कारखान्यांत भंगार लोखंड विद्युतभट्टीत वितळवून बिलेट व त्यापासून बांधकामाच्या सळया तयार होतात. भट्टी, रोलिंग यंत्रणा आणि वीजव्यवस्था सांभाळण्यास यांत्रिकी, विद्युत व धातुशास्त्र जाणणारी माणसे लागतात. परंतु भंगाराची खरेदी, जीएसटीचे हिशेब, उधारीची वसुली आणि विक्री हे वाणिज्याचे काम आहे. एकाच कारखान्यात दोन्ही पदव्यांना जागा असते.

बियाणे उद्योगाचे उदाहरण बोलके आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित वाण तयार करणे हे शास्त्राचे काम; ते वेळेवर व खात्रीशीर स्वरूपात शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणे हे व्यवस्थापनाचे. एकाविना दुसरे अपुरे आहे.

दोन वाटांतील फरक

अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची असून तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित आणि त्यानंतर सीईटी आवश्यक असते. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याचा मार्गही आहे. जालन्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे. बी.कॉम. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात असते. बीबीए, बीएमएस यांसाठी मात्र महाराष्ट्रात २०२४ पासून स्वतंत्र सीईटी सुरू झाली आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अभियंत्याला पुढे एमबीए करता येते. परंतु वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्याला मागे वळून अभियांत्रिकीला जाणे जवळपास अशक्य असते. म्हणून ‘आधी अभियांत्रिकी, मग पाहू’ असे सांगितले जाते. हा सल्ला गणिताची आवड असणाऱ्यालाच लागू पडतो. ज्याला गणिताची भीती वाटते, तो पहिल्याच वर्षी विषय राहून खचतो, आणि घरावरील कर्ज मात्र वाढतच जाते. अशा विद्यार्थ्याने मन लावून बी.कॉम. करून पुढे सीए अथवा एमबीएची वाट धरणे अधिक हिताचे.

खर्च आणि कागदपत्रे

२०२४-२५ पासून राज्यात आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास तसेच इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्या समाजासाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. ख्रिस्ती झालेल्या दलितांना १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात त्यांचा समावेश इतर मागास वर्गात होतो. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमिलेअर दाखला वेळेत नसल्यास हातची सवलत जाते. वैधता प्रमाणपत्रास महिनोन्महिने लागू शकतात. म्हणून अकरावीतच अर्ज करावा.

निर्णयापूर्वी तीन प्रश्न

मुलाला यंत्र उघडून पाहण्यात आनंद वाटतो, की माणसांशी व्यवहार करण्यात? त्याचे गणित खरोखर कसे आहे? कर्ज घ्यावे लागले, तर पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्ता भरून घर चालेल का? या प्रश्नांची उत्तरे आईवडील व मुलांनी एकत्र बसून, कागदावर लिहून शोधावीत. या दोन पदव्यांपैकी कोणतीच मुळात श्रेष्ठ वा कनिष्ठ नाही. आपल्या मुलाला पेलेल अशी वाट निवडणे, यातच पालकांचे खरे शहाणपण आहे.