बशीत वाढणारं मूत्रपिंड

माणसाच्या एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात, आणि ते सगळे जन्माआधीच तयार होतात. गर्भाच्या छत्तिसाव्या आठवड्यानंतर नवा नेफ्रॉन जन्मत नाही. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने जो गेला, तो कायमचा गेला. म्हणूनच मूलपेशींपासून नेफ्रॉन घडवता येतात, हे दाखवणारं काम मला या शतकातल्या मोठ्या कामांपैकी एक वाटतं.

त्याची वाट जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी मोकळी केली. प्रौढ पेशीत चार जनुकं घालून तिला भ्रूणावस्थेतल्या पेशीसारखं बहुक्षम, म्हणजे कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणारं, करता येतं, हे त्यांनी २००६ साली उंदरात आणि २००७ साली माणसाच्या पेशींत सिद्ध केलं. पण अशा पेशीला मूत्रपिंडाच्या वाटेला कसं लावायचं? गर्भात मूत्रपिंड घडतं ते दोन ऊतींच्या संवादातून. एकीपासून मूत्र गोळा करणाऱ्या नळ्या होतात, दुसरीपासून नेफ्रॉन. एक नसेल तर दुसरीही खुंटते. जपानमध्ये कुमामोतो विद्यापीठात र्‍युइची निशिनाकामुरा यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं, की या दोन्हींचा उगम भ्रूणात वेगवेगळा असतो. मेलबर्नच्या मेलिसा लिटल आणि मिनोरू ताकासातो यांनी पेशींना या वाटेला लावणारं पहिलं रासायनिक द्रव्य किती दिवस द्यायचं, याचाच बारकाईने अभ्यास केला. तो कालावधी नेमका साधला की एकाच बशीत दोन्ही वंशांच्या पेशी उपजतात. मग त्यांचा गोळा करून वाढू दिला, की त्या आपापसांत रचना करतात. २०१५ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलेल्या काही मिलिमीटरच्या ऑर्गनॉइडमध्ये, म्हणजे बशीत वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या प्रतिकृतीत, गाळणीचे गुच्छ होते, वेगवेगळ्या भागांच्या नलिका होत्या, रक्तवाहिन्यांच्या पेशीही होत्या. बाहेरून कुणी आराखडा दिला नव्हता. हे वाचताना आजही मन थक्क होतं.

मात्र हे मूत्रपिंड नव्हे. जनुकांच्या क्रियाशीलतेवरून ते पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या मूत्रपिंडाशी जुळतं. त्यात रक्त खेळत नाही, मूत्र बाहेर जायला वाट नाही, आणि स्नायू किंवा चेतापेशींसारख्या नको त्या पेशीही उगवतात. उंदराच्या शरीरात रोवल्यावर त्याला यजमानाच्या रक्तवाहिन्या मिळतात, हे २०१८ साली दिसलं. तरीही दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळणाऱ्या अवयवापासून ते फार दूर आहे.

संशोधनात मात्र त्याचा उपयोग आजच होतो आहे. बेंजामिन फ्रीडमन आणि जोसेफ बॉनव्हेंत्र यांच्या गटाने बहुपुटी मूत्रपिंडविकाराची जनुकं क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने निकामी केली, तेव्हा ऑर्गनॉइडच्या नलिकांना द्रवाने भरलेल्या पुटी आल्या. हा आनुवंशिक आजार मानवी ऊतीत, रुग्णाला धक्का न लावता पाहता आला. २०२० साली करोना विषाणू मूत्रपिंडाच्या पेशींत शिरतो का, हेही अशाच ऑर्गनॉइडवर तपासलं गेलं. औषधाची विषारी बाजू आधी इथे कळली, तर पुढे कितीतरी मूत्रपिंडं वाचतील.

डायलिसिसवर असलेल्या माणसाचं घर आशेच्या प्रत्येक बातमीला धरून बसतं. म्हणून ही गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: मूलपेशींनी मूत्रपिंड बरं करण्याचा सिद्ध उपचार आज उपलब्ध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूत्रपिंडाच्या आजारावर असा प्रयोग फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी त्यासाठी पैसे मागितले, तर तिथून उठून या आणि आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा.