कोवळी पोर्ट चाखताना

विंटेज पोर्टबद्दल वाइनच्या जगात एक जुना दंडक आहे: वीस वर्षांच्या आत बूच काढायचं नाही. कोवळी बाटली उघडणं म्हणजे इंग्रज मंडळींना बालहत्याच वाटते. मी लंडनमध्ये वाइन खरेदीचं काम करते, आणि हा दंडक मला मान्य नाही. विंटेज पोर्ट कोवळी असताना निदान एकदा तरी प्यायलीच पाहिजे. ती पुढे कशी होणार याचा अंदाज बांधण्याची खरी वेळ तीच असते, आणि कोवळेपणी तिच्यात जे असतं ते नंतर कितीही वाट पाहिली तरी मिळत नाही.

आपल्याकडे पोर्ट म्हटलं की गोवा आठवतो. पणजी-म्हापशाच्या दुकानातून आणलेली ती गोड, लाल वाइन कितीतरी मराठी घरांत पहिली वाइन म्हणून आली, आणि तिच्याविषयी मला आपुलकी आहे. पण ती वर्षानुवर्षं ठेवण्याची वाइन नव्हे, आणली की पिऊन टाकावी. मी लिहिते आहे ती पोर्ट पोर्तुगालच्या उत्तरेला, दोउरो नदीच्या खोऱ्यातच तयार होते. या मुलखाची हद्द १७५६ साली पोर्तुगालचा तेव्हाचा कारभारी पोंबाल याने ठरवली आणि पुढे ग्रॅनाइटचे खांब रोवून ती पक्की केली. त्यांतले काही खांब आजही मळ्यांत उभे आहेत.

मी निफाडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. आमच्या बागेत थॉमसन सीडलेस. मणी लांब, साल पातळ, बी नाही. माझे वडील, अण्णा, गोडी छाटणीपासून दिवस मोजत आणि शेवटी मशिनवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघून काढणीचा दिवस ठरवत. दोउरोत पिन्यांव गावाच्या वरच्या उतारावर मी पहिल्यांदा तोरिगा नासियोनाल जातीचा घड हातात घेतला, तेव्हा तो अण्णांनी नाकारलाच असता असं वाटलं. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया आणि रस अगदी थोडा. एका वेलीला बऱ्याचदा किलो-दीड किलोच माल. तिथला बागायतदार गोडी बघतोच, पण बी दाताखाली फोडूनही बघतो. बी हिरवी असेल तर काढणी लांबवायची, तपकिरी होऊन कडक मोडली तर माणसं लावायची. विंटेज पोर्टचं सगळं आयुष्य त्या साली-बियांमधल्या तुरटपणावर, म्हणजे टॅनिनवर उभं असतं, म्हणून ही एवढी चौकशी.

जमीन शिस्टची, म्हणजे पापुद्रे सुटणाऱ्या दगडाची. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि मुळं पापुद्र्यांच्या फटींतून खोल उतरून पाणी शोधतात. काढणी सप्टेंबरात. मग चांगल्या मळ्यांत अजूनही द्राक्षं ग्रॅनाइटच्या उथळ हौदात, लागारमध्ये, पायांनी तुडवतात. माणसं खांद्याला खांदा लावून, रांगा धरून, मांडीपर्यंतच्या रसात तास-दोन तास एका ठेक्यात पुढे-मागे पावलं टाकतात. यामागे परंपरेच्या हौसेपेक्षा गरज मोठी आहे. साध्या लाल वाइनला सालींतून रंग आणि टॅनिन काढायला आठवडा-दोन आठवडे मिळतात, पोर्टला दोन-तीन दिवस. कारण निम्मी-अधिक साखर शिल्लक असतानाच रसात ७७ टक्के अल्कोहोल असलेली द्राक्षांची दारू ओततात आणि आंबणं तिथल्या तिथे थांबतं. साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर दारू, मिळून ५५० लिटरचा एक 'पाइप'. एवढ्या थोड्या वेळात साल पूर्ण पिळून निघायला हवी, पण बी मात्र चिरडता कामा नये, नाहीतर कडू होतं. माणसाच्या तळव्याइतका नेमका दाब बसणारी यंत्रं विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आली, तोवर पायांना तोड नव्हती.

या दारूबद्दल इथेच सांगायला हवं, कारण वीस वर्षांचा दंडक बऱ्याच अंशी तिच्यामुळे पडला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती दारू कुठून घ्यायची हे उत्पादकांच्या हातात नव्हतं. सरकारी व्यवस्थेतून येईल ती, बरीवाईट, घ्यावी लागे. ती रांगडी असे, आणि नाकात जाणारी तिची जळजळ निवायला खरोखरच पुष्कळ वर्षं लागत. पुढे खरेदी मोकळी झाली, स्वच्छ, मऊ दारू मिळू लागली, आणि कोवळी पोर्ट पिण्याजोगी झाली. जुना दंडक मात्र तसाच राहिला.

दर वर्षीची पोर्ट काही विंटेज होत नाही. विंटेज म्हणजे एकाच सालातली, फार चांगल्या वर्षातली, उत्तम मळ्यांची निवडक वाइन. उत्पादक स्वतः ती 'जाहीर' करतो, दशकात सरासरी तीनेक वेळा. नमुने दोउरो आणि पोर्तो वाइन संस्थेच्या चाखणाऱ्यांनी मान्य करावे लागतात, आणि काढणीनंतरच्या दुसऱ्या ते तिसऱ्या वर्षाच्या जुलैदरम्यान ती न गाळता बाटलीत जाते. बाजार पाहूनही निर्णय होतात. १९३१चं पीक देखणं होतं, पण १९२७चा माल पडून होता आणि जगभर मंदी होती, म्हणून बहुतेकांनी ते जाहीरच केलं नाही. किंता दु नोव्हाल या मळ्याने केलं, आणि कलम न केलेल्या वेलींची त्यांची १९३१ची 'नासियोनाल' ही दंतकथा झाली. उलट २०१६ आणि २०१७ ही लागोपाठची दोन वर्षं बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केली, जे क्वचितच घडतं.

ती दोन वर्षं कोवळी असतानाच शेजारी-शेजारी चाखायला मिळणं हा माझ्या धंद्यातला मोठा आनंद. पोर्तो शहरासमोर नदीपलीकडे व्हिला नोव्हा द गाया आहे. समुद्राच्या गारव्यात वाइन हळू मुरावी म्हणून बहुतेक घराण्यांची कोठारं पिढ्यान् पिढ्या तिथे. चाखणं सकाळी, जीभ ताजी असताना. अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून प्रत्येक घोट थुंकायचा. दात आणि ओठ जांभळे होतात, आणि दुपारी जेवायला बसलेला ताफा बघून वाढणाऱ्यालाही कळतं की ही माणसं कुठून आली.

पेला तिरका धरला की मधोमध शाई आणि काठाला गर्द जांभळा रंग. वास आधी भसकन येतो: जांभूळ, काळी द्राक्षं, व्हायोलेटची फुलं, आणि मागे तिथल्या डोंगरांवरच्या इस्तेवा झुडपाचा चिकट, राळेसारखा गंध. हे सगळं फार मोहक असतं आणि नवशिक्या इथेच अडकतो. फळ प्रत्येक चांगल्या पोर्टमध्ये असतं आणि सगळ्यांत आधी तेच ओसरतं. मी वास घेताना दारू वेगळी जाणवते का ते बघते. नाकाला फळ एकीकडे आणि दारू दुसरीकडे मिळालं तर ती वाइन पुढेही एकजीव होईल याचा भरवसा नाही.

मग घोट. लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर असते, आणि ही गोडी टॅनिनला झाकते. म्हणून पहिल्या क्षणाच्या मऊपणावर विसंबायचं नाही. घोट तोंडात फिरवावा, थुंकावा आणि थांबावं. गोडी उतरली की हिरड्यांवर तुरटपणा वर येतो, जांभळं पोटभर खाल्ल्यावर जीभ जड होते तसा. आता तो तुरटपणा कसा आहे हे महत्त्वाचं. बारीक, रेशमी आणि सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर वाइन लांबचा पल्ला गाठेल. खरखरीत, एकाच जागी टोचणारा आणि शेवटी कडवट असेल तर वर्षं सरतील, फळ जाईल आणि कडवटपणा मागे उरेल. त्यानंतर चव किती वेळ टिकते आणि शेवट ताजा आहे की जड, ते बघायचं. २०१७ हे भयंकर कोरडं, उष्ण वर्ष, काढणी ऑगस्टमध्येच सुरू झालेली. त्या सालच्या पोर्ट दणकट, भरगच्च, पहिल्या घोटाला दिपवणाऱ्या. २०१६ला वसंतात भरपूर पाऊस, मग कडक ऊन, आणि सप्टेंबरच्या मध्यात पुन्हा सर. पावसानंतर थांबण्याचा धीर ज्यांनी दाखवला त्यांची वाइन रेखीव आणि ताजी आली. माझा कौल २०१६ला आहे. ताकद आवडते सगळ्यांना, पण चाळीस वर्षं टिकवतो तो तोल.

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. कोवळी बाटली उघडून पेलाभर घ्यावी, बूच लावून ठेवावी, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखावी. जी हवा लागून खुलत जाते ती मुरवण्याच्या लायकीची. जी दुसऱ्याच दिवशी मलूल होते ती लवकर संपवावी.

बाटलीत नंतर काय होतं? हवा जवळजवळ नसल्यामुळे सगळं सावकाश. सालींतली रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना जोडली जाऊन मोठमोठ्या साखळ्या होतात. दारूबरोबर आलेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड या जोडणीला हातभार लावतं. साखळी फार जड झाली की तळाला बसते. म्हणून जुन्या बाटलीत जाड गाळ असतो, वाइन फिकी होते आणि तुरटपणा मवाळ. जांभळ्याची माणकासारखी लाल, मग विटकरी. फळाच्या जागी सुकं अंजीर, तंबाखूचं पान, कॉफी, अक्रोड. पण हा प्रवास सरळ नाही. साधारण पाचव्या-सहाव्या वर्षानंतर पोर्ट अबोला धरते. कोवळेपणाचं फळ गेलेलं आणि म्हातारपणाचा गंध अजून आलेला नाही, अशी आठ-दहा वर्षं जातात. बाटली उघडू नये ती खरं तर या काळात.

कोवळेपणीच कौल देता येतो याची दोन उदाहरणं. टेलर आणि फॉन्सेका या घराण्यांच्या १९९४च्या पोर्टना 'वाइन स्पेक्टेटर' मासिकाने १९९७ साली वर्षातली सर्वोत्तम वाइन ठरवलं आणि 'डाउ' घराण्याच्या २०११च्या पोर्टला २०१४ साली. म्हणजे दोन्ही वेळा वाइन तिसऱ्याच वर्षी चाखून कौल दिला गेला. माझा भाचाही २०११चा. इंग्लंडमध्ये मुलाच्या जन्मसालाची पोर्ट घेऊन ठेवण्याची जुनी रीत आहे, ती मी उचलली. ताईला आधी हे विचित्र वाटलं, मग तिनेच बाटल्यांना जागा करून दिली.

जागेचं महत्त्व मोठं आहे. बाटली आडवी हवी म्हणजे बूच ओलं राहतं. अंधार हवा, बारा ते पंधरा अंश तापमान हवं, आणि त्याहूनही ते स्थिर हवं. नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली चार-पाच वर्षांतच थकेल, आणि फ्रिजच्या डोक्यावरची त्याहून लवकर. वाइनचं खास कपाट नसेल तर भारतात विंटेज पोर्ट साठवू नये. आणलीच तर कोवळी प्यावी. जुनी बाटली उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवावी, गाळ तळाला बसला की दिव्यासमोर धरून एका दमात दुसऱ्या भांड्यात निवळून घ्यावी, आणि मानेशी गाळ दिसला की थांबावं. फार जुनी असेल तर त्याच संध्याकाळी संपवावी.

कुणी विचारलं तर मी एका सालाच्या सहा बाटल्या घ्यायला सांगते. एक लगेच, निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर किंवा कडू चॉकलेटबरोबर. तिची चव, तुरटपणा, शेवट, सगळं वहीत लिहून ठेवावं. मग पंधरा वर्षं हात लावू नये. दुसरी त्यानंतर वही समोर ठेवून उघडावी. ती अजून गप्प असेल तर उरलेल्या चार आणखी पाच वर्षं राहू द्याव्या, आणि बोलू लागली असेल तर वर्षा-दोन वर्षांनी एकेक काढावी.