नजर इकडे, लक्ष तिकडे!

गुरुजींकडे नजर ठेवून शेजाऱ्याच्या हातातील बोरांवर लक्ष ठेवणे तुम्हांला साधते ना? अशा वेळी डोळे तर हलत नाहीत. मग बदलते काय?

डोक्याच्या मागच्या बाजूस मेंदूचे दृष्टिकेंद्र असते. कवटी न उघडता मेंदू चेतवण्याची युक्ती 1985 साली इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी दाखवली. डोक्यालगत धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रबळ विद्युत्प्रवाह सोडला, की झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूतही किंचित प्रवाह निर्माण होतो. फॅरडेचेच तत्त्व हे! वेटोळे दृष्टिकेंद्रापाशी धरले, तर डोळे मिटलेले असतानाही अनेकांना प्रकाशाची ठिणगी दिसते.

लंडनमधील संशोधकांनी 2007 साली या ठिणगीचाच उपयोग केला. नजर समोर स्थिर, लक्ष मात्र एका बाजूला. ठिणगी दिसण्याच्या जागी लक्ष असले, तर कमी जोराच्या चेतनेनेही ती दिसे. लक्ष दुसरीकडे असले, की जोर वाढवावा लागे. ही ठिणगी डोळ्यांतून आलेलीच नव्हती. तेव्हा फरक पडला तो मेंदूतच: लक्ष जिकडे, तिकडचे दृष्टिकेंद्र अधिक सज्ज!

घरातला लोहचुंबक डोक्याला लावून मात्र काही दिसणार नाही. त्याचे क्षेत्र बदलत नाही. मग प्रवाह कोठून येणार?