अमेरिकेतील चाकांवरचे बिऱ्हाड

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेस स्थायिक झाल्यामुळे चार-सहा महिने तिकडे जाऊन राहण्याचा योग हल्ली आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांस येतो. आणि गेल्यावर तो देश थोडाबहुत पाहावा अशी इच्छा होणेही साहजिकच आहे. परंतु तीन पिढ्यांनी मिळून तेथे प्रवास करावयाचा म्हणजे रोज हॉटेलच्या दोन खोल्या, तिन्ही त्रिकाळ बाहेरचे जेवण, आणि वृद्ध माणूस बरोबर असल्यास दर दोन तासांनी स्वच्छतागृहाचा शोध, असा प्रकार होतो. यास्तव "तुम्ही जाऊन या, मी घरी राहते," असे म्हणून वडीलधारी मंडळी मागे राहतात. आमच्या सासूबाईंनीही २०२४ सालच्या सप्टेंबरात हेच म्हटले होते. वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे, दुखरे गुडघे, रात्री दोन वेळा उठावे लागणे आणि हॉटेलातील अन्न न खाण्याचा जुना नेम, इतकी कारणे त्यांच्यापाशी होती. त्यावर सूनबाईंनी काढलेला तोडगा म्हणजे मोटारघर भाड्याने घेणे. तिकडे त्यास सर्वत्र 'आर. व्ही.' म्हणतात. आत ओटा, गॅसची शेगडी, शीतकपाट, न्हाणी, शौचकूप व सहा जणांस निजण्याची सोय. असे हे बिऱ्हाड स्वतःच्याच इंजिनाने चालते.

अशा गाडीत बसले की वाटेल तेथे जावे व वाटेल तेथे राहावे, अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच रात्री दूर झाली.

लास व्हेगास येथे गाडी ताब्यात घेतली. टाक्या, बत्त्या, किल्ल्या समजावून घेता घेता व वाणसामान भरता भरता दुपारचे तीन वाजले. झायन राष्ट्रीय उद्यान तेथून सुमारे एकशे साठ मैल. मोटारीने अडीच-तीन तासांचा रस्ता. उजेडी पोहोचू असा हिशेब होता. परंतु एक तर मोटारघर मोटारीच्या वेगाने चालत नाही, आणि दुसरे, नेव्हाडातून युटा राज्यात शिरताच घड्याळ एक तास पुढे करावे लागते, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानी आली नव्हती. आरक्षित केलेल्या खाजगी कॅम्पग्राउंडवर पोहोचलो तेव्हा काळोख पडला होता व कचेरी बंद झाली होती. जागेचा क्रमांक बॅटरीच्या उजेडात शोधून अठ्ठावीस फुटांची गाडी उलटी आत घेताना बाहेरचा कापडी मांडव झाडाच्या फांदीस घासून फाटला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुकाट्याने देवाचे नाव घेतले, आणि ते बोलण्याहून अधिक लागले.

त्या रात्री यजमानांनी वही उघडली आणि पुढील सर्व प्रवास नव्याने मांडला. आळंदीहून निघणाऱ्या पालखीचे सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असे मुक्काम आधी ठरलेले असतात व रस्ता त्यांस जोडीत जातो. मोटारघराचेही तसेच आहे. मुक्काम आधी, मार्ग मागून. तिकडील अनुभवी लोक तीनाचा नियम सांगतात: दिवसात तीनशे मैलांहून अधिक जाऊ नये, तिसऱ्या प्रहरी तीनच्या सुमारास मुक्कामी असावे, आणि शक्य तर एका ठिकाणी तीन रात्री राहावे. लहान मूल व वृद्ध माणूस बरोबर असता तीनशेचे दीडशे करावे, असे मी म्हणेन.

आता स्वस्त मुक्कामाविषयी. हा विषय समजण्यास त्या देशाच्या जमिनीचा थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो. पश्चिमेकडील कोरड्या व डोंगराळ राज्यांत जी जमीन वसाहतवाल्यांनी शेतीसाठी घेतली नाही, ती मध्यवर्ती सरकारपाशीच राहिली. नेव्हाडातील सुमारे ऐंशी टक्के व युटातील साठ टक्क्यांहून अधिक भूमी आजही सरकारी आहे. तिचा मोठा भाग १९४६ साली स्थापन झालेल्या 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या खात्याकडे असून राष्ट्रीय वने निराळ्या वनखात्याकडे आहेत. या दोन्ही खात्यांच्या जमिनीवर, जेथे मनाई लिहिलेली नाही तेथे, पूर्वी गाड्या उभ्या राहिलेल्या जागी बहुधा चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येते. तेथे नळ नाही, वीज नाही, केर टाकण्याची पेटीही नाही. पूर्वेकडील राज्यांत अशी भूमी फार थोडी. तिकडे धरणांच्या काठी लष्करी अभियंता खात्याने बांधलेली कॅम्पग्राउंडे माफक दरात मिळतात. म्हणजे स्वस्ताई हवी असेल त्याने आधी दिशा निवडावी. मात्र पेज गावाहून ग्रँड कॅनियनकडे जाताना लागणारा विस्तीर्ण मुलूख नावाहो लोकांचा आहे, तो सरकारी मोकळा माळ नव्हे. तेथे परवान्यावाचून मुक्काम करू नये.

फुकटाचे दुसरे प्रकार म्हणजे वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानांची पटांगणे व हमरस्त्यावरील विश्रांतिस्थाने. दुकानाची परवानगी त्या त्या शाखेच्या व्यवस्थापकावर अवलंबून असते. आत जाऊन विचारावे, खुर्च्या बाहेर मांडू नयेत व सकाळी निघून जावे. विश्रांतिस्थानांचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत. 'हार्वेस्ट होस्ट्स' नावाची एक संस्था वर्षाची वर्गणी घेऊन शेतमळे, द्राक्षमळे, लहान संग्रहालये अशा ठिकाणी एक रात्र उतरण्याची सोय करते. भाडे नाही, परंतु यजमानाचा काही माल घ्यावा असा संकेत आहे. द्राक्षमळ्यावर तो माल कोणता असतो हे कळल्यावर आमच्याकडे या संस्थेचा विचार पुढे गेला नाही!

परंतु फुकट मुक्कामास खरी मर्यादा घातली ती पाण्याने. आमच्या गाडीत चांगल्या पाण्याची टाकी चाळीस गॅलनांची, म्हणजे सुमारे दीडशे लिटरांची होती. आपल्याकडे एका माणसाच्या आंघोळीस एक बादली, म्हणजे पंधरा-वीस लिटर पाणी सहज लागते. सहा माणसांच्या आंघोळी झाल्या की शंभर लिटर संपले. उरलेल्यात स्वयंपाक, भांडी व शौच. शिवाय वापरलेले पाणी भुईवर सोडून देता येत नाही, ते गाडीखालच्या दुसऱ्या टाकीत साठते आणि ती टाकीही तितक्याच लवकर भरते. म्हणून माळावर पहिल्याच दिवशी ठरले की सासूबाईंस रोज एक तांब्या-बादली पाणी राखून ठेवावयाचे, मुलांनी ओल्या पंचाने अंग पुसावयाचे, आणि ताटे आधी कागदाने पुसून मग विसळावयाची. एवढे करूनही दोन रात्रींपुढे निभाव लागत नाही. तेव्हा हिशेब असा बसला: दोन रात्री रानात, एक रात्र नळ, वीज व सांडपाणी या तिन्हींची जोडणी असलेल्या पैशाच्या जागी. या तिसऱ्या रात्री कपडे धुवावेत, विजेरी घट भरून घ्यावा व सर्वांनी यथेच्छ न्हावे. अशा रीतीने जागेचा खर्च सरासरीने एक तृतीयांशावर येतो, आणि कोणासही निर्वासितासारखे वाटत नाही.

आता एका अशा कामाविषयी लिहिते की ज्याचा उल्लेख प्रवासवर्णनांत सहसा नसतो. गाडीतील मैल्याची टाकी दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या ठिकाणी नेऊन रिकामी करावी लागते. जाड नळी जोडावी, मैल्याची टाकी आधी सोडावी, मग सांडपाण्याची सोडावी म्हणजे नळी धुऊन निघते. हातमोजे घालावेत, व ही नळी आणि पिण्याच्या पाण्याची नळी यांचा एकमेकींस कधीही स्पर्श होऊ देऊ नये. एवढीच ती विद्या. परंतु आमच्या घराण्यात हे काम पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याने केले, आणि त्या दुसऱ्यास आम्ही ओसरीवरही घेतले नाही. मुलगा मोजे चढवू लागला तेव्हा यजमान म्हणाले, "तू गाडी चालवतोस, हे माझ्याकडे असू दे." घरी जेवल्यावर ताटही न उचलणारे हे गृहस्थ ओणवे होऊन नळी जोडीत आहेत, हे सासूबाई खिडकीतून पाहत होत्या. त्या मला म्हणाल्या, "अगं, आमच्या लहानपणी वाड्याच्या मागल्या बोळातून एक बाई यायची. तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही." पुढे बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. यजमान हातपाय धुऊन आत आले तेव्हा त्यांनीच त्यांस चहा करून दिला. सोवळ्याची बादली निराळी ठेवण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मार्ग आखताना गाडीची उंची हे दुसरे मोठे प्रकरण. आपल्या फोनमधील नकाशा मोटारीसाठी असतो. आपल्या माथ्यावर घर आहे हे त्यास ठाऊक नसते. झायनमधून पूर्वेस जाणारा बोगदा १९३० सालचा, सुमारे एक मैल लांबीचा व कमानदार. अकरा फूट चार इंचांहून उंच गाडीस तो सामान्य वाहतुकीत चालत नाही. ग्लेशियर उद्यानातील प्रसिद्ध घाटरस्त्याच्या मधल्या भागात एकवीस फुटांहून लांब गाडीस मज्जावच आहे. उत्तर कॅरोलायनातील डरहॅम गावी एक रेल्वेचा पूल पूर्वी अकरा फूट आठ इंच उंचीचा होता; पाट्या, दिवे सर्व असूनही तेथे इतक्या गाड्यांचे माथे सोलून निघाले की २०१९ साली तो वर उचलून बारा फूट चार इंच करावा लागला, आणि तरीही अपघात थांबले नाहीत. आम्ही आमची उंची एका कागदावर लिहून चालकापुढे चिकटवली. बोगदा टाळून हरिकेन, फ्रेडोनिया, कनॅब असा वळसा घेतला. कनॅबपर्यंतचे अंतर चाळीस मैलांचे सुमारे दुप्पट झाले, परंतु रस्ता रुंद व सरळ, आणि कोणाचाही जीव टांगणीस लागला नाही.

तेथून ब्राइस कॅनियन, पेज, ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ व परत लास व्हेगास, असे एकंदर नऊशे मैलांच्या आसपास झाले. गाडी गॅलनमागे आठ ते दहा मैल जाते, म्हणजे शंभर गॅलन पेट्रोल धरावे. भाड्यात बहुधा ठराविक मैल व जनित्राचे ठराविक तास असतात; त्यापुढील आकारणी आधी विचारावी. ब्राइसची उंची आठ हजार फूट; ऑक्टोबरात रात्री पाणी गोठते, म्हणून बाहेरची पाण्याची नळी निजण्यापूर्वी काढून ठेवावी. त्या उंचीवर पाणी लवकर उकळते पण डाळ शिजत नाही, तेव्हा कुकर घरून न्यावाच. आणखी एक: फोडणी घालण्यापूर्वी झरोका उघडावा. मोहरी तडतडताच धुराची घंटा ठणाणा करू लागते आणि शेजारचे बिऱ्हाड धावून येते.

उद्यानांच्या आतील कॅम्पग्राउंडे खाजगी जागांहून स्वस्त असतात, परंतु त्यांचे आरक्षण सहा-सहा महिने आधी सुरू होते. ती मिळाल्यास सोडू नयेत, कारण झायनमधील वॉचमन किंवा ग्रँड कॅनियनचे ट्रेलर व्हिलेज येथे गाडी एकदा उभी केली की पुढे उद्यानाच्या मोफत बसने हिंडता येते. अन्यथा पावशेर दूध आणावयाचे तरी सारे घर घेऊन जावे लागते. ग्रँड कॅनियनपाशी जागा न मिळाल्यास दक्षिणेस टुसायानजवळ कायबाब राष्ट्रीय वनात विनामूल्य राहता येते. आम्ही दोन रात्री तेथेच, उंच पाइन वृक्षांखाली काढल्या. वनखात्याच्या नकाशात मोटारीस खुले असलेले रस्ते दाखविलेले असतात, त्यांपलीकडे जाऊ नये. आणि उन्हाळ्यात शेकोटीस बंदी आहे काय हे आधी पाहावे.

भारतातून भेटीस जाणाऱ्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. १ जानेवारी २०२६ पासून त्या देशात न राहणाऱ्यांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अडीचशे डॉलरचा झाला आहे, रहिवाशांस तो ऐंशी डॉलरला मिळतो. पास नसल्यास झायन, ब्राइस व ग्रँड कॅनियनसह अकरा उद्यानांत सोळा वर्षांवरील प्रत्येक परदेशी पाहुण्यास प्रवेशशुल्काव्यतिरिक्त शंभर डॉलर पडतात. आम्ही गेलो तेव्हा हे नव्हते. आता चार पाहुणे असतील तर रानातील सर्व फुकट रात्रींची बचत एका दारातच संपावयाची.

निजण्याच्या व्यवस्थेसंबंधी थोडे. चालकाच्या डोक्यावरचा माळा शिडीने चढावयाचा असतो, तो मुलांस द्यावा. मागील पलंग न्हाणीजवळ असतो. तो सासूबाईंस दिला, व रात्री मध्ये एक लहान दिवा तेवत ठेवला. पुण्याच्या घरी त्यांस अंधारात ओसरी ओलांडून जावे लागते, येथे चार पावले. गाडी चालू असता मात्र कोणीही पलंगावर पडून राहू नये, सर्वांनी पट्टा बांधून बसावे.

कायबाबमधील दुसऱ्या पहाटे सासूबाई माझ्याआधी उठल्या होत्या. राखून ठेवलेल्या बादलीतील निम्मे पाणी त्यांनी नातीच्या केसांसाठी ठेवले होते, आणि शाल पांघरून त्या पायरीवर बसल्या होत्या. "आज कुठं मुक्काम?" एवढेच त्यांनी विचारले. तो दिवस परतीचा होता. शेवटचा मुक्काम लास व्हेगासच्या जवळच केला, कारण गाडी सकाळी वेळेवर, टाक्या रिकाम्या करून व पेट्रोल भरून द्यावयाची होती. फाटलेल्या मांडवाचे पैसे अनामत रकमेतून कापून घेण्यात आले.