जुना ट्रॅक्टर आणि नवे यंत्र

बैल औत ओढतो. ट्रॅक्टरही औत ओढतो. पण ट्रॅक्टरच्या अंगी आणखी एक गुण आहे. त्याच्या पाठीमागे एक लोखंडी दांडा असतो. इंजिनाच्या जोरावर तो गरगर फिरतो. त्यावर मळणी यंत्र चालते, रोटाव्हेटर चालतो. या दांड्याला मिस्त्री लोक पीटीओ म्हणतात.

आमच्या झरीच्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी ही पिके होतात. मळणीच्या दिवसांत या दांड्याचे मोठे काम पडते. पण ट्रॅक्टर फार जुना आणि यंत्र नवे असले, की दोघांचे जमत नाही. का बरे जमत नाही?

इंग्लंडात कॉव्हेंट्री शहरी १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसनचे टीई-२० हे ट्रॅक्टर तयार झाले. असे ट्रॅक्टर भारतातही आले. त्यांचा दांडा एक इंच एक सूत जाडीचा. आठ सुतांचा एक इंच, हे आपणांस ठाऊकच आहे. आजच्या बहुतेक यंत्रांना मात्र एक इंच तीन सूत जाडीचा दांडा लागतो. दाते दोन्हींवर सहाच. पण जाडीत दोन सुतांचा फरक. म्हणून मध्ये एक जोडनळी बसवतात. ती आतून बारीक दांड्याच्या मापाची आणि बाहेरून जाड असते. हिलाच अडॅप्टर म्हणतात.

जोडनळी बसवण्याची रीत अशी. इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, ब्रेक लावावा. दांड्याचे दाते पुसून साफ करावेत. दाते झिजले असतील तर जोडनळी बसवू नये. आधी दांडा बदलावा. नळी पूर्ण आत सरकवावी व तिची पिन पक्की करावी. पिनेचे टोक बाहेर राहता कामा नये.

आता दोन गोष्टी ध्यानात घ्या. नळीमुळे दांडा लांब होतो. यंत्र वर उचलताना जोडाचा दांडा आत सरकायला जागा उरली पाहिजे. नाही तर तो गिअरपेटीवर रेटा देतो. दुसरे असे, की नळी बाहेरून जाड असली तरी आतला दांडा बारीकच राहतो. त्याची ताकद वाढत नाही. जड यंत्र त्यावर लादू नये.

सर्वांत मोठी गोष्ट शेवटी सांगतो. हा दांडा मिनिटाला सुमारे ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडला, तर एका सेकंदात दोन हात कापड गुंडाळले जाते. "थांबव" म्हणायलाही वेळ मिळत नाही. कापडामागोमाग माणूस ओढला जातो. जोडनळी ट्रॅक्टरच्या झाकणाबाहेर येते, म्हणून धोका अधिक. तिच्यावर नवे झाकण बसवल्याशिवाय इंजिन चालू करू नये. फिरता दांडा ओलांडू नये. लेकरांना जवळ फिरकू देऊ नये.

मळणी यंत्रासारख्या धोक्याच्या यंत्रांसाठी सरकारने १९८३ साली कायदा केला. पण खळ्यावर कायदा उभा नसतो, आपण उभे असतो. झाकणाला चार पैसे लागतील, ते खुशाल खर्चावेत. गेलेला हात कोणत्याही बाजारात मिळत नाही.