हौशी रग्बी आणि बुडालेली मजुरी

ड्यूजबरी म्हटलं की आपल्याला तबलीगचं मरकज आठवतं. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या याच गिरण्यांच्या गावाच्या रग्बी क्लबने 1881 मध्ये यॉर्कशायर कप जिंकला होता. 1877 साली सुरू झालेली ही स्पर्धा नॉकआउट, म्हणजे हरला तो घरी. त्यामुळे सामन्यांना तुफान गर्दी व्हायची. तिकिटांचा पैसा क्लबला मिळे. खेळाडू मात्र नियमाने ‘हौशी’, त्यांनी काहीच घ्यायचं नाही! शनिवारी खेळायला गेलेल्या गिरणी किंवा खाण कामगाराची मजुरी बुडायची. असा शौक श्रीमंतांनाच परवडणार. बुडालेली मजुरी तेवढी भरून द्या, ही साधी मागणी रग्बी युनियनने 1893 मध्ये 282 विरुद्ध 136 मतांनी फेटाळली. दोनच वर्षांनी उत्तरेकडचे 22 क्लब वेगळे झाले. आजची रग्बी लीग त्यातूनच निघाली.